स्वस्त ऐट

सन १९६४ च्या एप्रिलांत अमेरिकेंत फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ ही दोन दारांची मोटार २,३६८ डॉलरांस विक्रीस आली. पुढें लांबट, मागें आंखूड, ऐट शर्यतीच्या गाडीची. परंतु पत्र्याखालील बरेचसे भाग त्याच कंपनीच्या साध्या ‘फाल्कन’ गाडीचे. हें सोंग नव्हे काय, असें कोणी नीतिज्ञ विचारील. आमच्या मतें नव्हे. फसवणुकीस फसणारा लागतो. येथें तर ती गोष्ट उघड होती. शिवाय धनिकानें वेगवान गाडी बाळगिली तर ती रसिकता, आणि तीच हौस कारकुनानें हप्त्यांनीं भागविली तर ती उधळेगिरी, हा न्याय कोणता? चालकाच्या सुखापायीं मागल्यांनीं गुडघे आंखडून बसावें, हा आक्षेप मात्र आम्हांस खरा वाटतो.