रोजमेळ कुठे आहे?

खाली बस. फोन उलटा ठेव. अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचास तसा बस, चालेल, पण नजर इकडे.

आज २ जानेवारी. तुमच्या फ्रीजवर संकल्पांचा कागद लावलाय, तो सकाळी दूध काढताना मी वाचला. नवी वेबसाइट, आठवड्याला तीन रील, शंभर नवी गिऱ्हाइकं, कॅरीमध्ये दुसरं काउंटर. अक्षर मात्र अजून तसंच, मुंगीचे पाय. त्या कागदावर हिशेब हा शब्द कुठेही नाही, आणि मी तुला दोन वर्षं पुस्तपालनच शिकवलं होतं.

लक्ष्मीपूजनाला तुझ्या आईने पाठवलेली लाल कापडी वही तू चौरंगावर ठेवलीस. शुभ-लाभ लिहिलंस, स्वस्तिक काढलंस, फोटो सगळ्या गोतावळ्याला पाठवलास. काल ती वही मी उघडली. पहिल्या पानावर कुंकू, पुढची पानं कोरी. अरे, ती पूजा वहीची असते की कुंकवाची? आपल्याकडचा किराणावाला दुकानाची फळी लावण्याआधी रोजमेळ लिहायचा. दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, हातातली शिल्लक. मेळ बसला नाही तर जेवण थंड व्हायचं. तो चौथी पास असेल. तू एम.बी.ए.

तुझा धंदा कसा चाललाय हे तुला विचारलं, तर म्हणालास, ‘मस्त, बाई, देवळात सगळे चकलीचं कौतुक करतात.’ एव्हिएशन पार्कवेवरच्या हिंदू सोसायटीत मीही ऐकलं ते कौतुक. पण ते जमेच्या बाजूला लिहिता येत नाही. चल, गणित कर. चकली १२ डॉलर पौंड. गेल्या आठवड्यात २० पौंड, म्हणजे २४० डॉलर. भाजणी, तेल, डबे आणि एपेक्सपासून डरहॅमपर्यंत घरपोच देण्याचं पेट्रोल धरून, तुझ्याच तोंडचा आकडा, ११० गेले. उरले १३०. शुक्रवारची संध्याकाळ आणि अख्खा शनिवार मिळून नवरा-बायकोचे २४ तास. भाग दे. तासाला साडेपाच डॉलरपेक्षासुद्धा थोडे कमीच. या राज्यात किमान वेतन ७.२५ आहे. दुसऱ्याच्या दुकानात फरशी पुसलीस तरी यापेक्षा जास्त मिळतील! आणि याच भावात तुला शंभर नवी गिऱ्हाइकं हवीत.

आता त्या बारशाच्या जेवणाचं. भाड्याच्या कमर्शियल किचनमध्ये रांधलंस, रीतसर बिल केलंस, वेक काउंटीत तयार जेवणावर लागतो तो ८.२५ टक्के कर गिऱ्हाइकाकडून घेतलास. छान. तो गेला कुठे? तुझ्या घरखर्चाच्या खात्यात, झेलने आलेल्या बाकी पैशांबरोबर, आणि तिथून मुलाच्या क्रिकेटच्या फीमध्ये. तो पैसा तुझा नव्हताच मुळी. सरकारचा पैसा तुझ्या हातात ठेव म्हणून होता. ठरलेल्या मुदतीत राजधानीत, रॅलीला पोचवायचा. ठेव खाणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात, ते तुझ्या मुलांसमोर बोलत नाही.

धंद्याचं बँक खातं वेगळं हवं, हे अकरावीच्या पुस्तकातल्या पहिल्या धड्यात होतं. मालक वेगळा, व्यवसाय वेगळा. एल.एल.सी. काढलीस म्हणून घर वाचलं, अशा भ्रमात राहू नकोस. एकाच खात्यात सगळं कालवलंस तर कोर्टात ती भिंत टिकेलच असं नाही. शिवाय तिचा वार्षिक अहवाल १५ एप्रिलला, २०० डॉलर भरून. माहीत होतं? मान खाली घालू नकोस, उत्तर दे.

आणि तेरा दिवसांनी, १५ जानेवारीला, गेल्या वर्षाच्या अंदाजी कराचा चौथा हप्ता. नफ्यावर प्राप्तिकर वेगळा आणि स्वतःच मालक असल्याचा १५.३ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कर वेगळा. पण नफा किती, हे सांगणार कोण? कोरी वही?

एक गोष्ट राहिली, ती तुझ्या पायाशी घुटमळतेय. राज्याचं कृषी खातं घरच्या स्वयंपाकघराची तपासणी करून चकलीसारखा कोरडा माल विकू देतं, पण घरात पाळीव प्राणी चालत नाही. रात्रीपुरताही नाही. फ्रीजमध्ये ठेवावं लागणारं श्रीखंड घरी करून विकणं तर मुळातच बसत नाही. तू मांजर कुशीत घेऊन श्रीखंडाची ऑर्डर घेत होतास. मांजर गोड आहे, मला आवडतं. तरी एक काहीतरी ठरव.

तुझा तो मित्र, बायकोच्या एच-४ परवान्यावर धंदा उघडून स्वतः एच-१बी वर असताना रोज संध्याकाळी डबे पोचवणारा, त्यालाही उद्या पाठव माझ्याकडे. नको, आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठव.

वेळ नाही म्हणू नकोस. वेक टेकचा आरटीपी कॅम्पस याच गावात आहे, आणि त्या कॉलेजच्या लघुउद्योग केंद्रात सल्ला फुकट मिळतो. चर्च स्ट्रीट पार्कवर सामना बघायला चार तास मिळतात तुला; मीच तर होते शेजारी.

तो फ्रीजवरचा कागद काढ. फाडू नकोस, मागची बाजू कोरी आहे, मुलाला गणितं सोडवायला होईल. वही आण. तारीख घाल. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, विसरला नसशील. पहिली ओळ आरंभीची शिल्लक. तो बिस्किटांचा डबा उपडा कर आणि मोज.

नोटा आधी. आता पुन्हा मोज.