मुक्या जीवाला निरोप देताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



गेल्या महिन्यात आमचा बंड्या गेला. तेरा वर्षं घरात होता. निपाणीत एका तंबाखूच्या वखारीमागं पावसात भिजत पडलेलं ते पिल्लू आमच्या लेकानं शर्टात गुंडाळून आणलं होतं. "घरात कुत्रं नको" म्हणून सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. पण देवघरातल्या तसबिरीत दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री बसलेली, चार वेदांचं रूप मानतात त्यांना. तिकडं बघून त्या गप्प बसल्या. पुढं आरतीच्या वेळी उंबऱ्याशी बंड्याची जागा ठरूनच गेली.

तो गेल्यावर ग्रुपमधल्या काही ताईंनी विचारलं, "सुई देऊन झोपवलं म्हणे? गुरुमार्गातल्या घरात असं चालतं का हो?" टोचून नाही, मनापासून विचारलं. आम्हालाही तोच प्रश्न पडला होता, म्हणून यावेळी त्यावरच लिहितोय.

झालं असं. बंड्याची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सलाईननं दिवस वाढतील, पण बरा होणार नाही. निर्णय तुमचा." सासूबाई म्हणाल्या, "ज्याचा त्याचा भोग असतो. आपण कोण त्याला मारणारे?" लेक पुण्याहून फोनवर रडत म्हणाला, "आई, मी शनिवारी येतो, तोवर थांबा." तो मंगळवार होता.

आम्ही थांबलो. बंड्याला उठता येत नव्हतं, पाणी पोटात ठरत नव्हतं. कूस बदलली की कण्हायचा. शनिवारी लेक आला, त्याला मिठीत घेऊन खूप रडला. बंड्यानं मान वर केली नाही. लेकाला निरोप मिळाला, आमच्या मनाचं समाधान झालं. पण बंड्याला काय मिळालं? वेदनेच्या चार रात्री. ते चार दिवस त्याच्यासाठी नव्हते, आमच्यासाठी होते. हे आज कबूल करायला हवं.

आता भोगाचं बघू. दुखणं म्हणजे भोग आणि त्यात हात घालू नये, असं असेल तर आपण औषध तरी का देतो? सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आपणच केलं ना? दुसऱ्याचं दुखणं बघून मन हलतं, तीही देवाचीच योजना असेल की. पण सासूबाईंच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट होती. औषध देणं वेगळं आणि जीव संपवणं वेगळं. माणूस "आता पुरे" असं म्हणू शकतो, कुत्रं म्हणू शकत नाही. आपल्याच निपाणी तालुक्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. आपल्या भागातल्या जैन घरांत आजही ते आदरानं सांगतात. पण ती स्वतः समजून उमजून घ्यायची असते, दुसऱ्यावर लादता येत नाही. मुक्या जनावराच्या वतीनं ठरवायचं, म्हणजे केवढी जबाबदारी आली बघा.

ही जबाबदारी एका मोठ्या माणसावरही आली होती. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथंच. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यानंतर चार वर्षांनी, १९२८ साली, साबरमती आश्रमात एक वासरू तळमळत पडलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. नुसतं कुशीवर वळवलं तरी त्याला असह्य व्हायचं. आश्रमात दोन मतं पडली. अहिंसेचं व्रत घेतलेल्या गांधीजींनी शेवटी इंजेक्शन देऊन त्या वासराला मुक्त केलं. लोक भडकले, रागाची पत्रं आली. त्यांनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'मध्ये जाहीर उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातातल्या सुरीला आपण हिंसा म्हणत नाही. करणाऱ्याचा हेतू बघायचा, त्यात स्वतःचा स्वार्थ आहे की त्या जिवाची सुटका आहे.

आम्हाला यातून एकच प्रश्न हाती लागला. *हे मी कोणासाठी करतोय?*

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा. वेदनेत ठेवून दिवस वाढवतोय, ते कोणासाठी? आणि घाईनं सुई द्या म्हणतोय, ते तरी कोणासाठी? लादी पुसून कंटाळा आला, लग्नाला जायचंय, खर्च नको, म्हणून सुई मागितली तर ती दया नव्हे. सेवेला जाताना महामार्गाच्या कडेला म्हातारी कुत्री दिसतात, गळ्यात पट्टा तसाच. कोणीतरी गाडीतून आणून सोडलेली. जनावराला असं उपाशी-तहानलेलं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही गुन्हा आहे.

महाप्रस्थानात युधिष्ठिराला इंद्र म्हणाला, कुत्र्याला सोड आणि रथात बस. तो म्हणाला, सोबत आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. शेवटपर्यंत न सोडणं हा आपल्या हातातला धर्म.

कोणाच्या घरी अशी वेळ आली तर आमच्या अनुभवातलं थोडं सांगतो. कालनिर्णयवर रोज खूण करा. खाल्लं, पाणी प्यायलं, स्वतः उठला, शेपटी हलवली, तर बरा दिवस. वाईट दिवस सलग वाढायला लागले की डॉक्टरांशी बोला, कोणाच्या सुट्टीची वाट बघू नका. आधी झोपेचं औषध देतात, तो गाढ झोपला की दुसरं, त्यानं हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, घाबरू नका. खड्डा खोल काढा, औषध अंगात असतं, दुसऱ्या जनावरानं उकरता कामा नये. आणि ज्यांच्या मनाला सुई पटत नाही, त्यांनी दुखणं कमी करणारं औषध तरी जरूर द्यावं, कूस बदलत राहावी, उशाशी बसावं. तेही पाप नाही, तीही सेवाच.

शेवटच्या क्षणी आम्ही सगळे बंड्याजवळ होतो. सासूबाईंनीच पुढं होऊन त्याच्या तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं. "जा बाळा," एवढंच म्हणाल्या. बरोबर केलं की चूक, हे त्यांनी परत विचारलं नाही.

आरतीच्या वेळी उंबऱ्याकडं अजून नजर जाते. महाराजांना एवढंच मागतो, की पुढच्या वेळी कोणाची वेदना बघायची वेळ आली तर आधी तिच्याकडं बघायची बुद्धी दे, आपल्या रडण्याकडं नंतर.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏