आधी पोथी, मग सही

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. कल्पना जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हात दिला आणि साठी ते नव्वदीच्या बायका गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारच्या दोन तासांसाठी शाळेत येऊ लागल्या. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले. कौतुक झालं ते योग्यच. पण ही शाळा निघाली कशामुळे, हे त्या कौतुकात मागे पडलं. त्या वर्षी शिवजयंतीला गावात पाठवाचन चाललं होतं. ते ऐकताना म्हाताऱ्या बायका बोलून गेल्या, की आपल्यालाही असं वाचता यायला हवं होतं. अंगठ्याच्या जागी सही आली, बँकेत मान वर करून उभं राहता आलं, हे पुढचं. पहिली मागणी पोथीची होती.

मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. 'काय वाचावं' असं कुणी विचारलं की आपण नेमका उलट क्रम लावतो. आधी कामाचं, मग माणसं सांभाळायला शिकवणारं, आणि वेळ उरला तर आवडीचं. गावाकडच्या माणसासाठी यादी करताना तर आवडीचा कप्पाच गाळला जातो. मोठ्यांना योजनांची माहितीपत्रकं आणि पोरांना स्पर्धा परीक्षेची गाईडं दिली की आपलं काम झालं, असं आपण समजतो. शहापूर-मुरबाडमध्ये पाऊस सरला की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. अशा ठिकाणी आनंदासाठी वाचा म्हणणं पुष्कळांना चैनीचं वाटतं. माझं मत उलट आहे. इथे वाचनाची वाट आवडीतूनच निघते, आणि तीच वाट कामाच्या कागदापर्यंत नेता येते.

पोथी वाचण्याची आपली रीत आठवा. श्रावणात हरिविजय किंवा पांडवप्रताप लागतो. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बसलेली माणसं मध्येच विचारतात, आणि अर्थ चुकला तर एखादी जाणती म्हातारी तिथल्या तिथे दुरुस्त करते. श्रीधराचे हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभीचे. तेव्हापासून अक्षर न ओळखणाऱ्या माणसांनी ते असेच ऐकून ऐकून मुखोद्गत केले. निरक्षर म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांना अवघड मजकूर समजून घेण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव होता. त्यांचं अडत होतं ते एकाच ठिकाणी: डोळे दुसऱ्याचे लागत.

आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणं महाग पडतं. भट्टीवर जाणारं जोडपं हंगामाआधी उचल घेतं. आठवड्याला खर्ची मिळते. उचल आणि खर्ची वहीत नावे पडत जातात, पाडलेल्या विटा जमेला लागतात. पावसाच्या तोंडाला हिशेब होतो तो याच वहीवरून, आणि वही असते मालकाकडे. कुठल्या आठवड्याची खर्ची दोनदा लागली का, अवकाळी पावसात भिजलेल्या विटा कुणाच्या माथी मारल्या, हे ज्याला वाचता येत नाही त्याला आपलं देणं फिटलं की नाही हे मालकाच्या तोंडूनच कळतं. कामासाठीचं वाचन या पानापासून सुरू होतं.

दुसरा कागद वनहक्काचा. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याचं सहावं कलम सांगतं, की दावे मागवणं आणि तपासणं याची सुरुवात ग्रामसभेने करायची. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन, कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर, त्याच्या नावे मान्य होऊ शकते. पुढे २००८ च्या नियमांत तेरावा नियम पुराव्यांचा आहे. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकत हाही त्यात एक पुरावा आहे. नाचणी-वरी कुठल्या उतारावर पेरत, राखणीचा माळा कुठे असे, बांध कुणी घातला, हे ज्या म्हातारीला आठवतं, तिची आठवण कायद्याने पुरावा मानली आहे. इतका मोठा मान म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदाने दिलेला मला माहीत नाही. मग तिच्या तोंडचे शब्द फायलीत कसे उतरले, हे तिला परत वाचून दाखवायलाच हवं. तिला स्वतःला वाचता आलं तर त्याहून उत्तम.

नेतृत्वाच्या पुस्तकांबद्दल थोडं स्पष्ट लिहितो. यशाची सूत्रं सांगणारी भाषांतरित पुस्तकं आता सगळीकडे मिळतात आणि तरुण मुलं ती मन लावून वाचतात. खुशाल वाचावीत, वेळ पाळणं, हाती घेतलेलं तडीस नेणं, हे त्यांतून घेता येतं. पण त्या पुस्तकांतला माणूस बहुधा एकटा पुढे जातो. सरपंचाला, बचत गटाच्या अध्यक्षबाईला, वनहक्क समितीच्या सचिवाला सगळ्यांना धरून जायचं असतं. त्यांच्या हाती मी गोदूताई परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' देईन. १९७० साली आलेलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच घडतं. कायदा शिकलेली एक शहरी बाई वारल्यांच्या पाड्यांवर मुक्काम करते, झोपडीत निजते, ऐकते. मे १९४५ मध्ये झरी गावच्या परिषदेनंतर वेठबिगारीला नकार मिळतो, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी राबणाऱ्या लग्नगड्यांची सुटका होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार होतो. तिथे माणसं जमली होती ती गोदूताईंच्या नावाने पसरवलेल्या खोट्या निरोपावर. निरोप कुणी धाडला हे तपासल्याशिवाय माणसं हलवू नयेत, हे आज मोबाइलवर गाव चालवणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने त्या प्रकरणातून शिकावं. माणसाची भीती कशी आणि किती हळू जाते, हे मराठीत इतक्या जवळून मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

कातकरी आणि ठाकर वाड्यांवर पोथीची रीत तितकी रुजलेली नाही, हे मला मान्य आहे. तिथे गोष्ट आहे, गाणं आहे. शेजारच्या वाडा तालुक्यात सोनाळे इथून काम करणारी क्वेस्ट संस्था 'गोष्टरंग' उपक्रमात मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी नाटकासारख्या करून दाखवते, म्हणजे मुलं पुस्तकाकडे वळावीत. इथेही सुरुवात आवडीपासूनच आहे. मोठ्यांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची 'बनगरवाडी' घ्या. नवा कोवळा मास्तर धनगरवाडीत येतो, लोकांचे अर्ज-टपाल लिहितो, त्यांच्याकडून तालीम बांधून घेतो, आणि दुष्काळात वाडी उठून जाताना बघतो. शिक्षकासाठी ती कामाची, पुढाऱ्यासाठी नेतृत्वाची आणि वाचणाऱ्या कुणाहीसाठी निखळ सुखाची आहे. कप्पे करायचे म्हटले तर ती कुठे ठेवणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. गावोगावी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. मागचं इतिवृत्त वाचून झालं की अर्धा तास पारायणाच्या रीतीने वाचनाला द्यावा. एकाने वनहक्क नियमांची दोन पानं वाचावीत, वाडीवरच्या कुणी ती कातकरीत समजावून सांगावीत, बायकांनी मध्येच अडवून विचारावं. पुढच्या सभेला झरी परिषदेचं प्रकरण, त्यापुढच्या सभेला बनगरवाडीतल्या तालमीचं. चौथ्या सभेत पाणीपुरवठ्याच्या कामाचं अंदाजपत्रक घ्यावं. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. तेव्हा पाइप किती मीटरचा मंजूर झाला, किती मीटर पडला, टाकी कुठे दाखवली आणि कुठे उभी राहिली, हे सगळं अर्थासकट, ओळ न्‌ ओळ वाचावं, आणि कुणाला पटलं नाही तर तीच ओळ पुन्हा वाचावी.