अर्ध्या विद्येचें दान

गेल्या पावसाळ्यांत जळगांवीं आमच्या घरीं चहाच्या वेळीं एक वाद झाला, तो अद्यापि माझ्या मनांतून गेलेला नाहीं. येथील एका लहानशा धर्मादाय मंडळाशीं माझा थोडा संबंध आहे. चोपड्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशींत जे पाडे आहेत, तेथें वर्षांतून दोन वेळां औषधोपचाराचीं शिबिरें भरविण्याऐवजीं त्याच पैशांत तेथील बायकांना आरोग्याचें प्राथमिक शिक्षण द्यावें, असा ठराव मंडळापुढें होता. आणि मी त्यास अनुकूल होतों. आमचे एक वृद्ध डॉक्टर स्नेही सर्व ऐकून घेऊन म्हणाले, "उद्यां तुमच्या नातवाला धाप लागली, तर तुम्ही मला बोलवाल, कीं चार आठवडे शिकलेल्या त्या बाईला?" मीं उत्तर दिलें नाहीं. खरें उत्तर मला ठाऊक होतें, आणि तेंच अडचणीचें होतें.

डॉक्टरांचा हा आक्षेप व्यवसायाभिमानांतून निघाला आहे असें म्हणून झटकून टाकणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्याच्या बुडाशीं समतेचें एक तत्त्व आहे. शहरांतल्या मुलाच्या फुफ्फुसाला पूर्ण विद्या आणि पावऱ्याच्या मुलाच्या फुफ्फुसाला अर्धी, ही वांटणी करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल दिला, तेव्हां तिच्यापुढेंही हाच प्रश्न होता. त्या काळीं पदवीधर डॉक्टरांखेरीज कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले 'लायसेन्शिएट' असत, आणि तालुक्याच्या गांवीं बहुधा त्यांचाच दवाखाना असे. समितीनें बहुमतानें असें सुचविलें कीं, हा दुय्यम वर्ग बंद करून देशांत एकाच दर्जाचा डॉक्टर निर्माण करावा. तत्त्व निर्दोष होतें. एका दर्जाचे डॉक्टर निर्माण झालेही. मात्र ते बहुतेक शहरांतच राहिले. आज धुळें, जळगांव व नंदुरबार या तिन्ही ठिकाणीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तरीही अक्राणीच्या डोंगरांतल्या बाळंतिणीला तेथवर पोंचण्यास लागणारे तास महाविद्यालयांच्या संख्येनें कमी होत नाहींत. न्यायाचें तत्त्व पाळलें गेलें आणि न्याय झाला नाहीं, अशी ही चमत्कारिक स्थिति आहे.

तत्त्वाची चर्चा क्षणभर बाजूस ठेवून एक प्रसंग सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका शिबिराबरोबर मी गेलों होतों. दोन डॉक्टर, औषधांच्या पेट्या, देणगीदारांच्या नांवांचा कापडी फलक आणि आम्ही चार हौशी मंडळी. दुपारपर्यंत दोनशेंवर माणसें तपासून झालीं. डॉक्टरांस पावरी येत नव्हती. शाळेंतला एक मुलगा दुभाष्याचें काम करीत होता, व त्याला जें सांगण्याची लाज वाटे तें तो गाळीत असावा. एका म्हातारीस खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली. ती बाटली हातांत धरून तिनें त्या मुलाकरवीं विचारलें, "ही संपली म्हणजे कोणाकडे जाऊं?" आम्ही एकमेकांकडे पाहिलें, आणि तिला दुसरी एक बाटली दिली. त्या दिवशीं संध्याकाळीं परत येतांना मोटारींत सर्वजण फार समाधानांत होते, मीही होतों. त्या प्रश्नाची बोच मागाहून लागली.

दानाच्या प्रतीविषयीं गीतेच्या सतराव्या अध्यायांत जें विवेचन आहे, त्यांत देश, काल व पात्र यांचा विचार आपण नेहमीं सांगतों. परंतु तामस दानाचें एक लक्षण तेथें अवज्ञा हें सांगितलें आहे, त्याकडे आपलें लक्ष कमी जातें. अवज्ञेनें पूर्ण वस्तु दिली तरी तें दान हीन होतें. मग अर्धी वस्तु अवज्ञेवांचून देतां येईल काय? माझ्या मतें सारा प्रश्न येथें आहे.

तशी ती दिली गेल्याचीं उदाहरणें आपल्याच प्रांतांत आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं नगर जिल्ह्यांतील जामखेड येथें काम आरंभिलें. त्यांनीं निवडलेल्या आरोग्यसेविकांपैकीं कित्येक निरक्षर होत्या, आणि पुष्कळशा त्या जातींतल्या, ज्यांची सावली गांवाला चालत नसे. त्यांचें शिक्षण अमुक आठवड्यांनीं संपलें असें झालें नाहीं. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडास येत, गांवांत काय घडलें तें सांगत, आणि पुढचें शिकून जात. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं याहून धीट पाऊल टाकलें. मोजणी फारशी न येणाऱ्या दाईला मुलाचे श्वास मोजतां यावे म्हणून त्यांनीं एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी यांचें एक साधन केलें: दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. पुढें ३९ गांवांतील स्त्रियांना त्यांनीं नवजात अर्भकाची शुश्रूषा शिकविली, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देण्यासही शिकविलें. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालकांचे मृत्यु तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें ६२ टक्क्यांनीं घटले, असें १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें.

आफ्रिकेचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर हे १९१३ सालीं आजच्या गाबॉन देशांतील लांबारेने येथें गेले व १९६५ सालीं तेथेंच वारले. त्यांच्या त्यागाविषयीं दोन मतें नाहींत. तथापि इतक्या वर्षांत तेथल्या लोकांच्या हातीं त्यांनीं ती विद्या फारशी सोपविली नाहीं, असा आक्षेप मागाहून अनेकांनीं घेतला. उलट मोझांबिकनें १९८४ पासून, देशांत यादवी चालू असतां, डॉक्टर नसलेल्या माणसांना शस्त्रक्रियेचें तीन वर्षांचें शिक्षण दिलें. तेथील जिल्हा-रुग्णालयांत पोट फाडून करावयाच्या बहुतेक बाळंतपणाच्या शस्त्रक्रिया हेच लोक करूं लागले. सात वर्षांनंतर पाहतां त्यांपैकीं ८८ टक्के जिल्ह्यांतच होते. तेथें नेमलेल्या डॉक्टरांपैकीं एकही उरला नव्हता.

हें सर्व मीं आमच्या डॉक्टरांस सांगितलें. आंकडे त्यांनीं मान्य केले, पण प्रश्न मागें घेतला नाहीं. आणि तो त्यांनीं मागें घ्यावा असें आतां मलाही वाटत नाहीं. माझ्या नातवासाठीं मी त्यांनाच बोलावीन. कारण ते दोन गल्ल्या पलीकडे राहतात. पाड्यावरच्या आईपुढें निवड डॉक्टर आणि ती बाई यांच्यांत नाहींच. ती बाई आणि कोणी नाहीं, यांच्यांत आहे. पण एवढें म्हणून आम्ही सुटत नाहीं. "त्यांना इतकें पुरे" हे शब्द मनांत जरी आले, तरी अवज्ञा झाली. अर्धी विद्या देणारा उरलेल्या अर्ध्याचा ऋणको होतो: अडलेलें कोणीं सोडवावयाचें, पेशंट खालीं कोणीं आणावयाचा, औषध संपल्यावर कोणीं धाडावयाचें, हें ज्यानें ठरविलें नाहीं त्यानें शिकविण्याच्या भानगडींत पडूं नये. शिबिरांत निदान फसवणूक तरी एका दिवसाचीच असते.

आणखी एक गोष्ट. या कामांत दाता कोण, हें आपण फार लवकर ठरवून टाकतों. फलकावर नांव येतें तें पैसा देणाराचें. रात्रीं कंदील घेऊन नाला ओलांडते ती दुसरीच. सरकारनें २००५ सालीं 'आशा' योजना काढली, तींत या बायकांना स्वयंसेविका असें भारदस्त नांव दिलें आणि पगाराऐवजीं कामागणिक मोबदला ठेवला. महामारीच्या दिवसांत त्या दारोदार हिंडल्या, आणि जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील आशांना मोबदल्यासाठीं संप करावा लागला. गरीबानें गरीबाची सेवा फुकट करावी, अशी अपेक्षा करणारे आपण आपल्या डॉक्टरची फी मात्र बिनतक्रार देतों.

ठराव मंजूर झाला. बायकांना दरमहा ठराविक रक्कम द्यावी, ही त्याला डॉक्टरांचीच दुरुस्ती. त्यामुळें पाड्यांची संख्या निम्मी करावी लागली, व त्याबद्दल एक देणगीदार रागावले. चोपड्यास पहिला वर्ग भरला, तेव्हां डॉक्टर न बोलावतां आले आणि मागें बसून राहिले. श्वास मोजण्याचा धडा झाल्यावर एका पावरा बाईनें थांबत थांबत मराठींत विचारलें, "हें सगळें केलें आणि तरी पोर गेलें, तर लोक मला धरतील. तुम्ही तर जळगांवीं असाल."

वर्गांत कोणी बोलेना. डॉक्टर उठले आणि फळ्यावर त्यांनीं आपल्या टेलिफोनचा आंकडा लिहिला. पाड्यावरून फोन लागत नाहीं, त्यासाठीं टेकडीवर चढावें लागतें, असें दुसरी एक म्हणाली. तरी बहुतेकींनीं तो उतरून घेतला.