दुःख कोणाच्या मापाने मोजायचे?



यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा आहे, हे सर्वांना दिसत होते. तरीही त्याला काय हवे आहे, असे प्रभू येशूने त्यालाच विचारले. निर्वासितांना मदत करताना हे विचारणे बहुधा राहून जाते.

कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसे उपासमार, आजार आणि कत्तलीत मेली. वाचलेले लोक थायलंडच्या सीमेवरील छावण्यांत आले. (फादर पेद्रो अरुपे यांनी १९८० साली 'जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस' सुरू केली, ती याच काळात.) तांदूळ, औषध मोजून देता येते. मनाचे काय? त्यासाठी डॉक्टरांनी प्रश्नावल्या वापरल्या. एकीत २५ प्रश्न, प्रत्येक उत्तराला १ ते ४ गुण. सरासरी १.७५ च्या वर गेली की मन आजारी असावे असे धरायचे.

प्रश्नांचे ख्मेर भाषेत भाषांतर झाले. पण शब्द जुळले म्हणून दुःख जुळते का? ख्मेर माणूस सांगतो, अंगात 'ख्याल' म्हणजे वारा उठला. तो वर डोक्यात चढतो, छाती धडधडते, भोवळ येते. मग घरचे नाण्याने अंग घासून तो वारा काढतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात या त्रासाची नोंद २०१३ साली झाली. आपल्याकडची आजी तरी 'मला नैराश्य आले' असे कुठे म्हणते? तिचा जीव थाऱ्यावर नसतो.

म्हणून मोजूच नये, असे काहीजण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. आकडा नसला की मनाच्या जखमेसाठी कोणी पैसा देत नाही, आणि ती जखम हाडामांसाच्या माणसालाच सोसावी लागते. पण आकडा हाती आला की माणूस कळला, असे समजणे हा त्याच्यावरचा आणखी एक अन्याय होय.

सीमेवरच्या 'साइट टू' छावणीतील ९९३ प्रौढांची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ५५ टक्के लोक नैराश्याच्या पाश्चात्त्य निकषांत बसत होते. मात्र प्रकृतीमुळे रोजची कामे अडतात, असे जेमतेम १५ ते २० टक्क्यांनीच सांगितले. बाकीच्यांचे ते धैर्य होते, की अंथरूण धरण्याची सोयच नव्हती? टक्केवारीवरून ते समजत नाही. त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या भाषेत विचारावे लागते.