रायफलीचा धक्का आणि हिंसेचा विचार

जैन आचारशास्त्र गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानते: संकल्पी (ठरवून केलेली), आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (चरितार्थाच्या कामात होणारी) आणि विरोधी (बचावासाठी केलेली). संकल्पी हिंसा सर्वस्वी वर्ज्य. जीव वाचवण्यासाठी केलेली विरोधी हिंसा गृहस्थाला क्षम्य, साधूला नाही. मुंबईतल्या घाटकोपरच्या मोठ्या जैन वस्तीत शिकारीची रायफल निवडण्याची वेळ सहसा येत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदीच आहे. मात्र माणसाच्या जिवावर उठलेला प्राणी मारण्याची परवानगी याच कायद्याच्या कलम 11नुसार देता येते. तेरा मृत्यूंचा ठपका असलेली अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी यवतमाळ जिल्ह्यात मारली गेली, तेव्हा असा प्राणी मारणे योग्य की नाही, हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला.

उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र हिंसेचे मूळ प्रमादात, बेसावधपणात पाहते. म्हणून हत्याराची निवडही नीतीचाच भाग ठरते. पॉइंट 375 मॅग्नमची सुमारे 19 ग्रॅमची गोळी सेकंदाला 770 मीटरच्या आसपास वेगाने सुटते, तेव्हा चार किलोची रायफल सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने खांद्यावर आदळते. त्या धक्क्याला भिणारा नेमबाज चाप ओढतानाच दचकतो. गोळी भलतीकडे लागते, जनावर तडफडत राहते आणि गावाला अधिक धोकादायक होते. वजनदार रायफल, रबरी पॅड, खांद्यात घट्ट बसवलेला दस्ता आणि हलक्या काडतुसांवर सराव हे उपाय साधे आहेत. न पेलणारी रायफल हट्टाने उचलणे हा मात्र उघड प्रमाद आहे.

एवढी काळजी घेऊनही कर्मबंध टळत नाही. कषाय, म्हणजे क्रोध-लोभासारखे विकार, मंद असतील तर तो बंध हलका होतो, इतकेच.