सहा जणांचा फेर

शांत बसा. घरात कुणाची बीपीची गोळी चालू असेल, तर तिचं पाकीट हातात घ्या. नाव सावकाश वाचा. शेवटी ‘डिपिन’ आहे का? अॅम्लोडिपिन, निफेडिपिन? असेल, तर त्या गोळीत सहा अणूंनी हातात हात धरून फेर धरला आहे. पाच कार्बन, एक नायट्रोजन. फेरात एक जण वेगळा, म्हणून अशा संयुगांना विषमचक्रीय म्हणतात.

आता डोळे मिटा आणि निफेडिपिनचा फेर जुळताना पाहा. गोल बुडाचा काचेचा चंबू, त्यात अल्कोहोल, खाली मंद आच. आत चार रेणू भेटणार आहेत: एक अल्डिहाइड, एक अमोनिया आणि मिथिल अॅसिटोअॅसिटेटचे दोन. घाई करू नका, चंबूलाही काही तास लागतात. दोन्ही अॅसिटोअॅसिटेट आपले दोन-दोन कार्बन फेरात देतात. एका बाजूला त्यांना जोडतो अल्डिहाइडचा कार्बन, बरोब्बर समोर अमोनियाचा नायट्रोजन. दोन आणि दोन चार, एक पाच, एक सहा.

आणि सुटून काय गेलं? पाण्याचे तीन रेणू. बाकी काही नाही.

इथे थोडं थांबा. मी तर दर वेळी इथेच रेंगाळतो. एकाच भांड्यात, मधे काही न गाळता, न धुता, चार साध्या रेणूंचं औषध होतं. पिवळे स्फटिक होऊन खाली बसतं. याहून सुंदर रसायन मला ठाऊक नाही.

ही रीत जर्मनीच्या आर्थर हान्ट्श यांनी १८८१मध्ये मांडली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्यांना पिरिडीनच्या, म्हणजे पाच कार्बन आणि एक नायट्रोजनच्या अशाच फेराच्या, जातीची संयुगं बनवायची होती. निफेडिपिन औषध म्हणून बाजारात आलं १९७५मध्ये. मधली चौऱ्याण्णव वर्षं मनात मोजून पाहा.

आता मनगटावर बोटं ठेवा. नाडी लागली? धमनीच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. हा फेर कॅल्शियमची वाट अडवतो. स्नायू सैलावतो, धमनी रुंदावते, दाब उतरतो.

डोळे उघडा. उजेड आपल्याला हवाहवासा, पण निफेडिपिनला तो सोसत नाही. उजेडात फेरावरचे दोन हायड्रोजन निघून जातात आणि औषध निकामी होतं. म्हणून घरात ही गोळी असेल, तर ती घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा.